दिव्याची गोष्ट आणि वर्गणीची

गेल्या महिन्यात माझी भाची आली ती काम घेऊनच. एका जिल्ह्याच्या गावी ती नर्सिंग कॉलेजात शिकवते. कॉलेजला पन्नास वर्षं होताहेत, माजी विद्यार्थिनींचा मेळावा भरवायचा आहे आणि मुलींच्या सरावाच्या खोलीसाठी निधी जमवायचा आहे. "मावशी, तुझं मराठी चांगलं आहे. आवाहनाचं पत्र तूच लिही," म्हणाली.

निवृत्त शिक्षकाला कुणी 'तुमचं मराठी चांगलं' म्हटलं की तो विरघळतो. मीही विरघळले. रात्री बसून दीड पान लिहून काढलं. सेवेचं असिधाराव्रत, हाती दिवा घेतलेली ती माउली, मातृसंस्थेचं न फिटणारं ऋण... काही म्हणून सोडलं नाही. सकाळी चहा पिता पिता तिने ते वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"मावशी, राग मानू नकोस. पण हे पत्र मला आलं असतं ना, तर मी एक रुपया दिला नसता."

मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "आमच्या मुलींना काय आठवतं सांगू? वॉर्डात माणसं कमी म्हणून तास रद्द करून आम्हाला तिकडे पाठवायचे. रात्रपाळी करून वसतिगृहावर यावं तर नळाला पाणी नाही. आणि तू त्यांना मातृसंस्थेचं ऋण फेडायला सांगतेस!"

मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. पण ती गेल्यावर वाटलं, आपण ज्या दिव्याचा एवढा गवगवा केला त्या दिव्याच्या बाईंनी पैसे कसे जमवले होते, ते तरी बघावं. जवळजवळ तीस वर्षं मी वर्गात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा सांगितला. क्रिमियाचं युद्ध, स्कुटारीचं इस्पितळ, रात्री दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी बाई. वर्गातली एखादी मुलगी हळूच डोळे पुसायची. पण त्या कामाला पैसा कुठून आला, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. मलाच ते ठाऊक नव्हतं!

तर ऐका. २९ नोव्हेंबर १८५५ ला लंडनमध्ये विलिस रूम्स नावाच्या सभागृहात मोठी सभा भरली. अध्यक्षस्थानी ड्यूक ऑफ केंब्रिज. युद्ध अजून चालूच होतं आणि नाइटिंगेलबाई हजारो मैलांवर तुर्कस्तानात होत्या. त्यांचे स्नेही सिडनी हर्बर्ट आणि इतर मंडळींनी ठरवलं की बाईंच्या कामाबद्दल देशाची कृतज्ञता दाखवायला निधी उभारायचा, आणि तो त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणासाठी वापरायचा. म्हणजे बाईंनी काही मागितलं नव्हतं. शाळेची योजना कागदावरही नव्हती. उलट, हातात एवढं काम असताना योजना आखायला सवड नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. तरी पैसे येत गेले.

ते का आले, हे बघण्यासारखं आहे. त्याच्या आधी वर्षभर 'टाइम्स'मध्ये इस्पितळांच्या दुर्दशेची वार्तापत्रं येत होती आणि वाचून लोक हळहळत होते. त्याच वर्तमानपत्राच्या मदतनिधीचं काम पाहायला गेलेल्या माणसाने रात्री दिवा घेऊन एकट्या फेरी मारणाऱ्या बाईंचं वर्णन लिहून पाठवलं. फेब्रुवारी १८५५ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने तसं चित्र छापलं आणि ते घरोघरी पोचलं. गंमत म्हणजे चित्रांत पुढे जो अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्यासारखा दिवा दिसू लागला, तो खरा नव्हेच. बाईंच्या हातात असे तो तुर्की घडीचा कंदील. मी फळ्यावर तीस वर्षं चुकीचा दिवा काढला!

निधी भरला तो ४४ हजार पौंडांवर. त्या काळी फार मोठी रक्कम. जेनी लिंड या त्या वेळच्या नामांकित गायिकेने १८५६ च्या मार्चमध्ये जलसा केला, त्याचे जवळजवळ दोन हजार पौंड आले. पण माझं मन थांबलं ते दुसऱ्याच आकड्यापाशी. सुमारे नऊ हजार पौंड, म्हणजे पाचवा हिस्सा, सैन्यातून आला. शिपायांना एका दिवसाचा पगार देण्याचं आवाहन होतं. ज्यांनी त्या वॉर्डांतले दिवस काढले, किंवा ज्यांचे सोबती तिथून परत आले नाहीत, त्यांना हातात दिवा घेतलेल्या देवीचं चित्र दाखवावं लागलं नाही. त्यांनी बाई पाहिल्या होत्या.

आणि दिले नाहीत कुणी? लंडनच्या इस्पितळांतल्या बहुतेक डॉक्टरांनी. सेंट थॉमस इस्पितळातले जॉन साउथ नावाचे शल्यचिकित्सक होते, त्यांनी १८५७ मध्ये पुस्तिकाच काढली. वॉर्डातल्या नर्सचं काम घरच्या मोलकरणीसारखं, त्याला शिक्षण कसलं हवं, असा त्यांचा सूर. डॉक्टरांनी या निधीला फारसा हात लावलेला नाही, हेही त्यांनी त्यात आवर्जून नोंदवलं. पुढे शाळा निघाली ती नेमकी त्यांच्याच इस्पितळात.

इथे आणखी एका बाईंची आठवण काढायला हवी. जमेकाहून आलेल्या मेरी सीकोल. त्यांनीही क्रिमियात स्वतःच्या हिमतीवर शिपायांची सेवा केली आणि युद्धानंतर त्या कर्जबाजारी झाल्या. जुलै १८५७ मध्ये लंडनच्या सरे गार्डन्समध्ये त्यांच्या मदतीसाठी चार दिवसांचा उत्सव झाला. गर्दी लोटली, बँड वाजले. पण बागेची कंपनी बुडालेली निघाली आणि बाईंच्या हाती लागले ते अगदी थोडके पैसे. एका निधीला विश्वस्त होते, हिशेब होता, मोठ्या घरची माणसं होती. दुसऱ्यापाशी नुसती लोकांची माया होती. नुसत्या मायेवर निधी उभा राहत नाही. पुढे काही वर्षांनी सेंट थॉमस इस्पितळाला जुनी जागा सोडावी लागली तेव्हा नव्या इमारतीत जाईपर्यंत त्याचा मुक्काम याच सरे गार्डन्समध्ये होता.

शाळा सुरू झाली १८६० च्या उन्हाळ्यात, पंधरा मुलींवर. मुली म्हणजे पंचवीस ते पस्तीस वयाच्या बायका. मुद्दल सुरक्षित गुंतवलेलं, खर्च व्याजातून. मुलींचं राहणं, जेवण, धुणं, गणवेश निधीतून आणि वर वर्षाला दहा पौंड हातखर्चाला. एक वर्ष शिकायचं आणि नंतर काही वर्षं सांगतील त्या इस्पितळात नोकरी करायची. मेट्रन वॉर्ड्रोपरबाई दर महिन्याला प्रत्येकीचा तक्ता भरत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप... आमच्या प्रगतिपुस्तकासारखाच. नाइटिंगेलबाई स्वतः शाळेत शिकवत नव्हत्या. प्रकृती ढासळलेली, बहुतेक वेळ घरातच.

इथपर्यंत धड्यात शोभेल अशीच गोष्ट आहे. पुढचं मात्र मी वाचलं आणि भाचीची आठवण झाली.

पहिली दहा-अकरा वर्षं शाळा धड चाललीच नाही. इस्पितळाला या मुली म्हणजे वॉर्डात राबायला आयते हात वाटत. शिकवायचं ज्यांच्याकडे होतं त्या निवासी डॉक्टरांची व्याख्यानं जवळजवळ बंद पडली होती. तक्ते भरायचे म्हणून भरले जात. कितीतरी मुली आजारपणाने किंवा इतर कारणांनी गळल्या, काही तर मेल्या. आणि बाहेर? बाहेर शाळेचा लौकिक वाढतच होता. लिव्हरपूलच्या वर्कहाउसमधल्या रुग्णालयात गेलेली ॲग्नेस जोन्स १८६८ मध्ये टायफसने गेली. त्याच वर्षी नाइटिंगेलबाईंनी 'गुड वर्ड्स' मासिकात तिच्यावर लेख लिहिला आणि तिच्या जागी उभ्या राहायला पुढे या, असं बायकांना आवाहन केलं. त्याच वर्षी ल्यूसी ऑस्बर्न पाचजणींना घेऊन सिडनीला पोचली. आतलं दुखणं आणि बाहेरचा लौकिक, दोन्ही एकाच शाळेचे. या निधीचे जुने कागद चाळून हे सगळं सविस्तर मांडलं ते मोनिका बेली यांनी, १९८६ मध्ये. त्या स्वतः नर्स होत्या, हे मला फार आवडलं.

बाईंना हे कळलं ते १८७१-७२ च्या सुमारास, शाळेत शिकणाऱ्या आणि शिकून गेलेल्या मुलींशी बोलल्यावर. तक्त्यांवरून नव्हे! मग त्यांनी काय केलं? निधीचे चिटणीस होते त्यांचे मावसभाऊ हेन्री बॉनहॅम कार्टर. त्यांच्या मदतीने त्या डॉक्टरांना हटवलं. जॉन क्रॉफ्ट या शल्यचिकित्सकांकडे शिकवणं सोपवलं, ते नेमाने व्याख्यानं देऊ लागले. मुलींच्या अभ्यासाकडे आणि राहण्याकडे बघायला 'होम सिस्टर' नेमली. आणि १८७२ पासून त्यांनी शाळेतल्या आणि शिकून गेलेल्या सगळ्याजणींना पत्रं लिहायला सुरुवात केली.

ही पत्रं अधूनमधून १९०० पर्यंत चालू राहिली. निधीचे अध्यक्ष सर हॅरी व्हर्नी, म्हणजे बाईंचे मेहुणे, जमलेल्या परिचारिकांसमोर ती वाचून दाखवत. छापील प्रती लांबच्यांनाही मिळत. त्यांत उपदेश भरपूर आहे, धर्माच्या गोष्टी भरपूर आहेत, आजच्या मुलींना कंटाळा येईल. पण एक धागा सगळीकडे आहे. वर्षभरात शिक्षण संपलं असं समजणारी नर्स जागच्या जागीही राहत नाही, मागे जाते. आणि हे सांगताना बाई स्वतःलाही त्यात धरतात.

पत्रांपलीकडेही पुष्कळ होतं. साउथ स्ट्रीटवरच्या घरी एकेकीला चहाला बोलवायचं, कामाची विचारपूस करायची, नंतर टिपण करून ठेवायचं. लांब इस्पितळात मेट्रन झालेलीला फुलं, खाऊ, पुस्तकं पाठवायची. थकलेली असेल तर विश्रांतीला जायला सांगायचं. एडिनबरोला गेलेल्या अँजेलिक प्रिंगलला तर त्या लाडाने 'मोती' म्हणत. सगळ्यांशी असंच जमलं असं नाही. ऑस्बर्नवरची त्यांची मर्जी पुढे साफ उतरली. माणूसच त्या! पण मला दिसलं ते असं, की या माजी विद्यार्थिनींकडे त्या पैसे मागायला जात नव्हत्या. त्या त्यांच्याकडून खरं काय ते ऐकत होत्या.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. शाळेचे दोष त्यांनी देणगीदारांना जाहीरपणे सांगितले नाहीत. लोकांना दिवाच दिसत राहिला. दुरुस्ती आत, गुपचूप. ते बरोबर का चूक, यावर मी दोन दिवस विचार केला. लौकिक गेला असता तर शाळाच बुडाली असती, हे खरं. पण ज्या मुली त्या पहिल्या दहा वर्षांत राबून गेल्या, त्यांच्या वाट्याचं खरं शंभर वर्षांनी कुणीतरी कागद उपसेपर्यंत दडून राहिलं, हेही खरं.

आपल्याकडेही या दिव्याचा एक कवडसा आला आहे. मुंबईचे बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला नाइटिंगेलबाईंनी प्रस्तावना लिहिली होती. ते चरित्र लिहिणारे दयाराम गिडुमल आणि मलबारी यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं. दुसऱ्या वर्षी रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्याचं. पुण्याची संस्था सुरू झाली ती रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. तिथून विधवा मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषांना हात लावायचा, जातपात न बघता मलमूत्र काढायचं! त्या काळच्या पुण्यात किती नाकं मुरडली गेली असतील, याची कल्पना करा. तिथे कुणाची सून, कुणाची बहीण घराबाहेर काढायची तर आधी विश्वास मिळवावा लागे. पैशांची गोष्ट त्याच्या नंतरची.

असो. धडा लांबला, शिक्षकाची सवय.

मी पत्र पुन्हा लिहिलं. माउली काढली, दिवा काढला, ऋण काढलं. भाचीशी फोनवर बोलून सुरुवातच अशी केली: तुमच्या वेळी तास बुडवून तुम्हाला वॉर्डात पाठवलं जायचं, हे आम्हाला ठाऊक आहे. आता काय बदललं आहे आणि काय अजून बदललेलं नाही, ते खाली लिहिलं आहे. मग दोन याद्या. मग सरावाच्या खोलीला काय काय लागेल, त्याच्या किमती. शेवटी, पैसे नाही दिलेत तरी मेळाव्याला या आणि एक तास आजच्या मुलींशी बोला. कॉलेजच्या वरिष्ठांनी पहिलं वाक्य खोडायला सांगितलं. भाची दोन दिवस भांडली. शेवटी 'आम्हाला ठाऊक आहे'च्या जागी 'आम्ही विसरलेलो नाही' असं ठेवून ते छापलं गेलं. मला वाटतं, ते मूळच्यापेक्षा बरंच झालं.

पहिला फोन आला तो पार पहिल्या तुकडीतल्या एका निवृत्त सिस्टरांचा. पैसे देते म्हणाल्या. पण त्याआधी विचारलं, "वसतिगृहाच्या नळाला आता पाणी येतं का हो?"

भाचीने खरं ते सांगितलं. एक दिवसाआड येतं. सिस्टर म्हणाल्या, मग माझे पैसे आधी टाकीला लावा, खोलीचं नंतर बघू.

टाकीचं काम या आठवड्यात सुरू व्हायचं होतं. झालं की नाही, ते विचारायला आज फोन करणार आहे.