रानपिंगळ्याची चिठ्ठी

पूर्वी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. पक्षी टिपायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कोठे, केव्हा, कोणी. ती चिठ्ठीच खोटी असेल तर? रानपिंगळा या लहानशा घुबडाच्या बाबतीत तसे घडले.

१८७२ साली ब्लूइट यांना तो मध्य भारताच्या पूर्वेकडील रानात मिळाला. १८७३ साली ह्यूम यांनी त्याला ब्लूइट यांचेच नाव दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला. अपवाद एकच: कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा नमुना. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘मांडवी, गुजरात, १९१४’.

पामेला रासमुसेन यांनी तो तपासला. कातडे पुन्हा भरलेले होते, पण आत डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना तो! जन्ममरणाच्या नोंदवह्या सांभाळणाऱ्या आम्हांला चोरीपेक्षा त्या चिठ्ठीचाच अधिक राग येतो. चोरीने एक संग्रहालय नागवले. चिठ्ठीने शोधकांना भलत्याच रानाची वाट दाखवली.

रासमुसेन यांनी मांडवी वगळली व जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर विसंबून शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी निष्पर्ण झाडावर, भर उजेडात, रानपिंगळा बसलेला दिसला. या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. २०१४ साली तो आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यातही आढळला.