सॅटेलाइट डीएनए: अडगळीत टाकलेल्या पट्ट्याची गोष्ट

‘सॅटेलाइट’ म्हटलं की आपल्याला उपग्रह आठवतो. पण या डीएनएचं नाव आलं प्रयोगशाळेतल्या नळीतून. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए घालून ती नळी अतिवेगानं फिरवली, की डीएनए आपापल्या घनतेच्या पातळीवर स्थिरावतो. उंदराच्या डीएनएचा एक ठळक पट्टा दिसे आणि शेजारी एक बारीक पट्टा. 1961 मध्ये सॉल किट यांनी त्याची नोंद केली. मुख्य पट्ट्याचा सोबती, म्हणून सॅटेलाइट.

आता या सोबत्यात होतं काय? 1968 मध्ये ब्रिटन आणि कोहने यांनी डीएनएचे दोन धागे उष्णतेनं सुटे करून पुन्हा जुळू दिले. उंदराच्या डीएनएचा सुमारे दहावा हिस्सा झटकन जुळला. कारण सरळ आहे: एकाच छोट्या मजकुराच्या लाखो प्रती असतील, तर जोडीदार लगेच सापडतो. 1970 मध्ये पार्ड्यू आणि गॉल यांनी त्या प्रतींची जागाही दाखवली. त्या होत्या सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं तिथे.

इतकं कळूनही, या मजकुरातून प्रथिन बनत नाही, मग तो कशाला, हा प्रश्न उरलाच. 1972 मध्ये सुसुमु ओहनो यांनी जनुकसंचातल्या बहुतांश डीएनएला ‘जंक’ म्हटलं. त्यामागे हिशेब होता: सगळाच डीएनए गरजेचा असता, तर घातक उत्परिवर्तनांचा भार सजीवांना पेललाच नसता. पण पुढे हा शब्द सॅटेलाइटलाही घट्ट चिकटला.

2018 मध्ये युकिको यामाशिता यांच्या गटानं वेगळंच चित्र मांडलं. फळमाशीत डी-1 आणि उंदरात एचएमजीए-1 ही प्रथिनं वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे सॅटेलाइट पकडून त्यांची मोळी बांधतात. ती प्रथिनं काढली, की मोळी सुटते, डीएनएचे तुकडे केंद्रकाबाहेर पडतात आणि पेशी मरते.

गंमत म्हणजे हा मजकूर फार लवकर बदलतो. जवळच्या जातींमध्येही तो वेगळा असतो. 2021 मध्ये याच गटाला दोन सख्ख्या फळमाशी-जातींच्या संकरात ही मोळी विस्कटलेली आढळली. म्हणजे जाती एकमेकींपासून दुरावण्यातही सॅटेलाइटचा हात असू शकतो.

म्हणून ओहनोंचा हिशेब खोटा ठरला का? नाही. पण ‘उपयोग दिसला नाही’ आणि ‘उपयोग नाही’ यांत अंतर आहे. ते ओलांडायला इथे जवळपास अर्धं शतक लागलं.