घरातील कोनाडा आणि इनामगावची पांढर

आजच्या धाग्याचा विषय घराच्या सजावटीचा आहे, परंतु तो आपल्याला तीन हजार वर्षे मागे नेणार आहे.

वाडवडिलांच्या वस्तूंनी आवडती खोली सजवण्याची हौस अलीकडे बरीच दिसते. पणजीची समई, पितळी पानाचा डबा, अडकित्ता, धान्य मोजण्याचे मापटे या वस्तू माळ्यावरून उतरतात आणि दिवाणखान्यातील मांडणीवर येऊन बसतात. हौस उत्तमच आहे. मात्र अशा मांडणीत कधी कधी एक पाहुणा आढळतो. तांबूस रंगाचा, काळ्या रेघांनी चितारलेला खापराचा तुकडा. विचारले की उत्तर मिळते, "शिरूरकडे गेलो होतो, पांढरीवर सापडला." हा तुकडा समईच्या शेजारी शोभत असेल, पण तो तेथे असावा का, हाच या धाग्याचा प्रश्न.

इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी वसलेले गाव. येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही या कामातील प्रमुख नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील तीन टप्पे येथे मिळाले: माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. ('जोर्वे' हे नाव संगमनेर तालुक्यातील गावावरून पडले आहे.) आपल्या पाहुण्या खापराचे कूळ बहुधा हेच. चाकावर घडवलेले, उत्तम भाजलेले, वाजवले तर खणखणणारे.

उत्खनन विस्तृत क्षेत्रावर झाले, त्यामुळे सुटी भांडी नव्हेत, तर अख्खी घरे हाती आली. पूर्व जोर्वे काळातील घर आयताकृती, कुडाच्या ठेंगण्या भिंतींचे, गवताने शाकारलेले. आत चूल, धान्यासाठी जमिनीत खोदून लिंपलेले पेव, कणगीसाठी टेकू म्हणून मांडलेले सपाट दगड. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. ढवळीकरांनी हे वस्तीच्या प्रमुखाचे घर मानले. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एका पुरुषाला मांडी घातलेल्या अवस्थेत पुरलेले आढळले.

आता एका घराच्या कोपऱ्याकडे वळू. जमिनीखाली मातीचा एक लंबगोल डबा मिळाला, झाकणासह. त्याच्या आत स्त्रीची एक मूर्ती, वर दुसरी शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि सोबत एक बैल, सर्व कच्च्या मातीचे. शिरविहीन मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे आहेत. काडीने जोडली की ती बैलावर बसते. ही देवी कोण, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक विचार करायला लावते ती तिची जागा. घरातील सर्वांत जपलेली वस्तू या माणसांनी दर्शनी न ठेवता पायाखालच्या जमिनीत ठेवली.

तेथेच त्यांनी मुलेही ठेवली. बालकाचे दफन घराच्या जमिनीखाली होई: दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, त्यांत मूल आणि शेजारी तोटीचा चंबू व वाडगे. नेवासे येथील अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि धातूच्या क्षारांमुळे तिच्या दोऱ्याचा अंशही टिकला. तांबे तेव्हा दुर्मीळ. ती माळ धाकट्या भावंडाच्या गळ्यात जाऊ शकली असती. तसे झाले असते तर आपण तिला वारसा म्हटले असते. आईबापांनी ती वारशातून काढून घेतली आणि मुलाबरोबर दिली. इनामगावच्या मातीतून 'सजावटीसाठी' काही उचलताना एवढे आठवले, तर हात आपसूक आखडेल असे वाटते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे नाव येथे घेणे अप्रस्तुत होणार नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे असा वीस हजारांच्या घरातील संग्रह उभा केला आणि त्याला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. या वस्तू वापरातल्या होत्या. अडकित्ता कशाचा, दिवा कोठे लावीत, हे सांगणारी माणसे भोवती होती.

फरक नेमका येथे आहे. समईची गोष्ट माणसे सांगतात. खापराची गोष्ट फक्त त्याच्या भोवतालची माती सांगते. कोणत्या थरात, चुलीजवळ की पेवात, कोणत्या भांड्याशेजारी: हे गेले की उरतो तो एक सुबक तुकडा. दायमाबादचे उदाहरण पाहा. १९७४ मध्ये तेथे रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा अशी चार ब्राँझची शिल्पे निघाली, एकूण वजन साठ किलोंहून अधिक. अद्भुत ठेवा! पण झाडाच्या मुळाशी खणताना सापडलेली, रीतसर उत्खननात नव्हे. परिणामी त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. एवढ्या मोठ्या शिल्पांची ही अवस्था, तर हातभर मांडणीवरल्या खापराची काय कथा?

कायद्याविषयी थोडक्यात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. (खापराचे दहा रुपये कोणी देणार नाही, हे मान्य, म्हणून तर ते सर्रास उचलले जाते.) १९७२ च्या पुरावशेष कायद्याने सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरते. तेव्हा पणजीच्या काही वस्तूही त्या व्याख्येत येऊ शकतात. त्या घरात ठेवण्यास आडकाठी नाही; मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची मात्र नोंदणी करावी लागते.

पांढरीवर खापर दिसले तर जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि ते तेथेच राहू द्यावे. आणि समई उलटी करून तिच्या बैठकीखाली एक चिठ्ठी चिकटवावी: कोणाची, कोणत्या गावची, कोणाच्या लग्नात आली, आधी कोठे तेवत असे. आजी आहे तोवर तिलाच विचारून, तिच्याच शब्दांत.