आंतर्द्रव्य

पेशीद्रव्याचा आतला, कणीदार व तुलनेने पातळ भाग, एंडोप्लाझम. त्याच्याभोवती, प्रद्रव्यपटलाला लागून, बाह्यद्रव्याचा स्वच्छ आणि घट्ट थर असतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत या दोहोंमध्ये ठळक रेघ दिसते, पण प्रत्यक्षात तिथे पटल नसते. बाह्यद्रव्यात ॲक्टिनच्या तंतूंचे दाट जाळे असते, मोठे कण त्यात शिरत नाहीत, एवढाच काय तो फरक. आणि तोही टिकाऊ नव्हे.

हे पाहायचे तर अमीबातच. केंद्रक, अन्नरिक्तिका, बारीक स्फटिक असा सगळा ऐवज आंतर्द्रव्यात असतो. अमीबा सरकू लागला की मधला प्रवाह कणांना घेऊन छद्मपादाच्या टोकाकडे धावतो. टोकाशी पोहोचल्यावर तो कडेला पसरतो, घट्ट होतो आणि भोवतालच्या बाह्यद्रव्याच्या नळीच्या भिंतीचा भाग बनतो. कण तिथेच थबकतात. मागच्या टोकाला उलट घडते : भिंत विरघळून पुन्हा प्रवाहाला मिळते.

हा प्रवाह कोण ढकलतो, यावर बराच वाद झाला. मागचा भाग आकसून द्रव पुढे दाबला जातो, अशी मांडणी एस. ओ. मास्ट यांनी १९२६ मध्ये केली. रॉबर्ट ॲलन यांच्या गटाने १९६० मध्ये केऑस या महाकाय अमीबाला बारीक केशनलिकेत ओढून ती नलिका फोडली. पटल फाटले, तरी प्रवाह चालूच राहिला. केवळ दाबाचे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरले. जोर पुढच्या टोकाशी निर्माण होतो, असे ॲलन यांचे मत होते. ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे काम उलगडत गेल्यावर वादाची धार कमी झाली.

कारा या गोड्या पाण्यातल्या शैवालात मांडणी वेगळी आहे. काही सेंटिमीटर लांब पेशीत हरितलवके स्थिर बाह्यद्रव्यात रांगेने बसलेली असतात. आतले आंतर्द्रव्य मात्र एका बाजूने वर व दुसऱ्या बाजूने खाली, सेकंदाला ५० ते १०० मायक्रोमीटर या वेगाने वाहत असते.

आंतर्द्रव्यजालिका १९४५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसली, तेव्हा ती पेशीच्या आतल्या भागापुरती वाटली होती. पुढे ती कडेपर्यंतही आढळली. आजचे पेशीवैज्ञानिक आतल्या-बाहेरच्या भागांपेक्षा अंगकांच्याच भाषेत बोलतात. आदिजीव, कारा आणि श्लेष्मकवके यांच्या अभ्यासात मात्र आंतर्द्रव्याशिवाय भागत नाही.

वैद्यकीय प्रयोगशाळेतही त्याचा उपयोग आहे. आमांशाच्या रुग्णाच्या ताज्या मलात हलत्या अमीबाच्या आंतर्द्रव्यात गिळलेल्या तांबड्या रक्तपेशी दिसल्या, तर तो एंटअमीबा हिस्टोलिटिका असल्याची जोरदार शंका येते. त्या नसतील, तर निरुपद्रवी एंटअमीबा डिस्पारपासून त्याला सूक्ष्मदर्शकाने वेगळे काढता येत नाही. त्यासाठी प्रतिजन किंवा डीएनए चाचणी करावी लागते.