चाकांवरचे बिऱ्हाड

पुण्याहून बंगळूरच्या हमरस्त्याने कोल्हापुरास येणाऱ्या प्रवाशास पंचगंगेचा पूल ओलांडण्यापूर्वी शिरोलीची औद्योगिक वसाहत, म्हणजे तेथील लोकांच्या तोंडची एमआयडीसी, लागते. ओतीव लोखंडाच्या कारखान्यांकरिता हे ठिकाण प्रसिद्ध आहे. मोटारींच्या इंजिनांचे भाग येथे ओतले जातात आणि मालमोटारींत भरून दूरदूरच्या शहरांस रवाना होतात. या मालमोटारींच्या गर्दीत हल्ली क्वचित एक निराळे वाहनही दृष्टीस पडते. बाहेरून पाहता ती लहानशी बसच. परंतु आत निजण्यास बिछाने, स्वयंपाकास शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचाची सोय असते. पुण्यामुंबईची सुखवस्तू कुटुंबे हे चालते घर दिवसाच्या भाड्याने घेतात आणि पन्हाळा, गगनबावडा, दाजीपूर अशा ठिकाणी दोन-चार दिवस वनश्रीच्या सान्निध्यात घालवून परततात.

या वाहनास कॅम्परव्हॅन किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. मूळ फारसी शब्द कारवान. त्याचा अर्थ वाळवंटातून एकत्र चालणारा प्रवाशांचा तांडा. इंग्रजीत गेल्यावर त्याचा अर्थ पालटत पालटत चाकांवरचे घर असा झाला. आपण सहज ‘व्हॅन’ म्हणतो, ते याच शब्दाचे शेपूट होय. तांड्याचे नाव एकाकी गाडीस मिळावे ही मौजच म्हणावयाची.

केवळ हौसेखातर अशा घरातून हिंडण्याचा प्रघात फार जुना नाही. 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी डॉक्टराने, जो मुलांकरिता साहसकथाही लिहीत असे, ब्रिस्टल येथील एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधवून घेतली. तीस दोन घोडे जुंपून तो इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. बरोबर गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट असा लवाजमा होता. अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत असल्यास त्यास सावध करावे म्हणून नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जात असे. स्टेबल्सने ही कल्पना उचलली होती जिप्सी लोकांच्या गाड्यांवरून, आणि तो ती उघडपणे मिरवीतही असे. परंतु त्याच दशकात पार्लमेंटापुढे काय चालले होते ते पाहावे. जॉर्ज स्मिथ नामक सुधारकाच्या खटपटीने ‘फिरत्या निवाऱ्यां’विषयीचे एक विधेयक वारंवार मांडले जात होते. जिप्सींच्या प्रत्येक गाडीची नोंदणी व्हावी आणि अधिकाऱ्यांस आत शिरून तपासणी करता यावी, असा त्याचा आशय होता. ते विधेयक कधीच संमत झाले नाही, ही गोष्ट वेगळी. डॉक्टरच्या गाडीचे गावोगाव कौतुक होत होते आणि जिप्सीच्या गाडीकडे संशयाने पाहिले जात होते. दोन्ही गाड्यांत निजण्याची जागा आणि चूल तर सारखीच होती.

दक्षिणेत या गोष्टीची उदाहरणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने धान्य आणि मीठ वाहणाऱ्या तांड्यांचे वर्णन केले आहे. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत आणि बायकापोरे बरोबरच चालत; त्यांना स्थिर घर असे नव्हतेच. लष्करांस धान्य पुरविणारे हे बंजारा, म्हणजे आपल्याकडील लमाण, राज्यकर्त्यांस हवेहवेसे वाटत. पुढे आगगाडी आली. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग 1891 मध्ये सुरू झाला. आगगाडी जेथे जेथे पोचली तेथे बैलांच्या पाठीवरचा व्यापार उठला. ज्यास माल उरला नाही, पण चालणे मात्र सुटले नाही, असा मनुष्य सरकारच्या डोळ्यांत सलू लागला. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. नाव नोंदवावयाचे, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची आणि परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, अशी त्यांची स्थिती झाली. हा कायदा रद्द होण्यास 1952 साल उजाडावे लागले.

कोल्हापूर संस्थानाने मात्र या बाबतीत पुष्कळ आधी पाऊल उचलले. छत्रपती शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या राज्यात अशा जमातींची हजेरी बंद केली. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे त्यांची छावणी असे. तेथे त्यांनी फासेपारध्यांस आणून ठेवले, काम दिले आणि पहाऱ्यासारख्या विश्वासाच्या जागी नेमले. ज्यांच्यावर पहारा ठेवावयाचा त्यांच्याच हाती पहारा सोपविण्यास मोठी छाती लागते. महाराजांना स्वतःलाही शिकारीचा आणि राहुटीतील मुक्कामाचा मोठा शोक होता. नव्या घोड्यांना गाडीची सवय लावण्याकरिता त्यांचा ‘खडखडा’ नावाचा एक सांगाडेवजा रथ असे. त्यातून जाताना वाटेत भेटलेल्या रयतेस ते वर बसवून घेत आणि तिची गाऱ्हाणी ऐकत. राजवाड्यातील गादीपेक्षा खडखड वाजणाऱ्या फळीवर त्यांना अधिक करमत असावे.

आता हौशी प्रवाशांचे पाहू. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण संमत केले. गाड्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी व्हावी, आणि गाड्या उभ्या करण्याकरिता पाणी, वीज, स्वच्छतागृहे यांनी युक्त असे तळ निर्माण व्हावेत, असा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे, आणि आवश्यकही आहे. गाडीत टाकी असली तरी ती भरावयाची कोठे आणि मैला रिकामा करावयाचा कोठे, हा प्रश्न गाडी भाड्याने घेणाऱ्यास पहिल्याच सायंकाळी भेडसावतो. रानात तर तो अधिकच बिकट होतो. दाजीपूरचे रान 1958 साली गव्यांकरिता राखले गेले. पुढे 1985 मध्ये राधानगरी अभयारण्याचा विस्तार 351 चौरस किलोमीटरांपर्यंत झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. अशा ठिकाणी मन मानेल तेथे गाडी थांबवून रात्र काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. गव्यांच्या वाटेवर दिवे लावून गाणी वाजविणाऱ्यास निसर्गप्रेमी कसे म्हणावे?

परंतु हमरस्त्याने केवळ हौशी गाडीच चालत नाही. शिरोलीजवळच सांगलीकडचा रस्ता येऊन मिळतो. त्यास सांगली फाटा म्हणतात. साखर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे कोल्हापूर-सांगलीच्या मुलखात उतरतात. भांडीकुंडी, बिछाने, शेळ्या, कोंबड्या, तान्ही मुले असा सारा संसार वाहनावर लादलेला असतो. फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्या तळावर पाण्याचा नळ असेलच, शौचाची सोय असेलच, असे नाही. हौशी प्रवाशाच्या तळावर काय काय असावे याची यादी मात्र छापील मिळते.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ हमरस्त्यावर चढले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. चालक आणि त्यांचे साथीदार यांना गाडी सोडून जाता येईना, पुढे सरकता येईना. मोटारीचा खोका हेच त्यांचे घर झाले. कोणी गाडीच्या आडोशास चूल मांडली, कोणी टपावरून पाणी किती उतरले ते पाहत बसले. आसपासच्या गावांतील लोकांनी, ज्यांची स्वतःचीच घरे पाण्यात होती अशांनीही, त्यांना भाकरी आणि पाणी पोचविले. तुम्ही कोणत्या जातीचे, कोणत्या प्रांताचे, येथे किती रात्री थांबणार, असे त्यांना कोणी विचारले नाही.