जहाजाच्या पोटातला वारा

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचलाय. हा मुलगा एका शिडाच्या नौकेवर खलाशी आहे. तो विचारतोय, "दादा, उकाड्यानं केबिनमध्ये झोपवत नाही. १२ व्होल्टचा कुठला पंखा घेऊ?" आता इतिहासाच्या पॉडकास्टला हा प्रश्न! पण उत्तर शोधायला बसलो आणि थेट अठराव्या शतकात जाऊन पोचलो.

आधी त्याचं काम करून टाकू. शिडाच्या नौकेवर वीज म्हणजे बॅटरी, आणि बॅटरी म्हणजे मोजून मिळणारं पाणी. जुन्या धाटणीचा, गाडीत लावतात तसा पंखा तासाला एक अँपिअर-अवर सहज खातो. असे चार पंखे दहा तास चालले की ४० अँपिअर-अवर गेले. १०० अँपिअर-अवरच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी असं म्हणतात, म्हणजे सकाळी हाती फारसं काही उरत नाही. त्याऐवजी ब्रशलेस मोटरचा, ०.३ अँपिअरच्या आसपास घेणारा पंखा घेतला तर तेच चार पंखे रात्रभरात १२ वर भागतात. घरी बीएलडीसी पंखा लावला की बिल कमी येतं ना, तोच हिशोब. आणि एक मोठा पंखा लावण्यापेक्षा प्रत्येक बंकपाशी एक छोटा बरा. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम सुकवतो. त्यामुळे वारा अंगावर यायला हवा, केबिनभर फिरून उपयोग नाही. आवाज कमी हवा, कारण तो कानापासून हातभर अंतरावर असणार.

"पण समुद्रावर वारा असतोच की!" असं तुम्ही म्हणाल. असतो, पण डेकवर. नांगर टाकलेली नौका स्वतःहून नाक वाऱ्याकडे करते, तेव्हा पुढची हॅच उघडली की हवा आत येते. प्रवासात मात्र गंमत होते. मागून १० नॉटचा वारा आणि नौका ६ नॉटने पुढे चाललेली, म्हणजे डेकवर जाणवतो फक्त ४ नॉट. लाटा उसळल्या की हॅच बंद. खाली राहतो तो ओलावा, घाम, स्वयंपाकाची वाफ आणि माणसांचा श्वास.

जुन्या लाकडी जहाजांत हे शंभरपट. त्यांच्याकडे उपाय होता तो कापडी नळीचा. कॅनव्हासची लांब नळी डोलकाठीच्या दोरांना टांगायची, वरचं तोंड वाऱ्याकडे, खालचं टोक जहाजाच्या पोटात. त्याला विंडसेल म्हणत. फुकटचा आणि छान उपाय, आजही नौकांवर त्याची छोटी भावंडं दिसतात. पण वारा पडला की नळी लोंबकळत राहते, आणि उकाडा नेमका तेव्हाच जीव घेतो.

मग विचार आला की वारा नसेल तर माणसाकडून करून घ्यावा. १७३६ मध्ये जॉन देसागुलिए नावाच्या शास्त्रज्ञाने लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्ससाठी हवा खेचणारं चाक बसवलं. ते हातानं फिरवायला एक माणूस लागे, आणि देसागुलिए त्या माणसालाच 'व्हेंटिलेटर' म्हणायचा. यंत्राला नाही, माणसाला! मला हा तपशील फार आवडतो. आजच्या भागातली निम्मी गोष्ट त्या एका शब्दात आहे.

पाच वर्षांनी, १७४१ मध्ये, स्टीफन हेल्स रॉयल सोसायटीसमोर आपलं यंत्र घेऊन आला. हा थेम्सकाठच्या टेडिंग्टनचा पाद्री, आणि भलताच उद्योगी माणूस. घोड्याच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढतं हे मोजणारा तोच. (८ फुटांच्या वर चढलं.) त्याचं व्हेंटिलेटर म्हणजे लोहाराच्या भात्याची प्रचंड चौकोनी आवृत्ती. मोठ्या लाकडी पेट्या, आत बिजागरीवर खालीवर होणारी फळी, आणि बाजूला झडपा. त्या फळीला तो छाती आणि पोटामधल्या पडद्याचं नाव द्यायचा, म्हणजे जहाज हा त्याच्या डोळ्यांपुढे एक श्वास घेणारा प्राणीच होता. बाहेर मोठा दांडा. खलाश्यांनी तो दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. त्याच सुमारास स्वीडनमध्ये मार्टिन ट्रीवाल्ड यानेही असंच यंत्र केलं होतं. आणि लंडनच्या सॅम्युएल सटननं तर माणसालाच सुट्टी दिली होती. त्याने तळातून नळ्या आणून स्वयंपाकाच्या चुलीखाली सोडल्या, म्हणजे आग पेटली की ती तळातली कोंदट हवा आपोआप ओढून घेणार. माझ्या मते कल्पना म्हणून सटनचीच सरस. पण हेल्सचं नाव मोठं, आणि १७५६ मध्ये ब्रिटिश नौदलाने त्याचे भाते स्वीकारले.

खरं तर दोघांचाही सिद्धांत चुकीचा होता. रोग घाण हवेतून होतात अशी तेव्हाची समजूत. टायफसचा ताप उवांमुळे, हगवण पाण्या-अन्नातून आणि स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होते, हे कळायला अजून खूप वर्षं होती. तरी भात्याने ओल कमी व्हायची, अंगाला हवा लागायची, आणि तेवढ्यानेही जीव सुखावतो.

आता इथे जरा थांबून ऐका. हे भाते बसवलेल्या जहाजांपैकी काही गुलामांची जहाजं होती. त्यांतल्या एकाचा कप्तान हेन्री एलिस. हेल्सने त्याला समुद्राच्या खोलातलं पाणी वर आणणारी एक बादली दिली होती. १७५१ मध्ये एलिस आफ्रिकेकडे जाताना ती वापरत होता. वरचं पाणी ८४ अंश फॅरनहाइट, खोलातलं ५३. एलिसने हेल्सला पत्र लिहून कळवलं की या गार पाण्याने आम्ही अंघोळ करतो, वाइनही थंड करतो, आणि या जळत्या हवेत ते फार सुखाचं वाटतं. खोल समुद्राच्या तापमानाच्या अगदी सुरुवातीच्या मोजणींपैकी ही एक, आणि ती झाली माणसं खरेदी करायला निघालेल्या जहाजावर. पुढे एलिस हेल्सच्या भात्यांचंही कौतुक करू लागला. आणि १७५५ मध्ये हेल्सने लेख छापला, त्याच्या शीर्षकातच गुलामांच्या आणि इतर वाहतुकीच्या जहाजांवर व्हेंटिलेटरचा केवढा फायदा होतो हे लिहिलंय.

हेल्स दयाळू माणूस होता यावर माझा विश्वास आहे. गोरगरिबांची जिन सुटावी म्हणून त्याने लिहिलं, तुरुंगात हवा जावी म्हणून लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर पवनचक्की बसवून घेतली. पण गुलाम-व्यापाऱ्याला भाता विकताना दया कामाची नव्हती. तिथे जिवंत पोचलेला माणूस म्हणजे विकता येणारा माल, आणि भात्याची किंमत त्याच वहीत लिहिली जाणार होती.

बहुतेकांनी तीही लिहिली नाही. अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा अशा जहाजांवर डॉक्टर म्हणून गेला आणि १७८८ मध्ये त्याने सगळं पुस्तकात मांडलं. तो सांगतो, जहाजाच्या प्रत्येक बाजूला पाच-सहा झरोके, सुमारे ६ इंच लांब आणि ४ इंच रुंद. हातातला फोन आडवा धरा. झरोका त्याहून थोडाच रुंद. शेकडो माणसांना एवढीच हवा. विंडसेल म्हणाल तर वीस जहाजांत एकावरही नसायचं. एक कापडी नळी, मंडळी! आणि पाऊस आला, समुद्र खवळला की झरोकेही बंद. अशाच एका वेळी फाल्कनब्रिज खाली गेला. पाव तासात त्याला भोवळ आली, दुसऱ्यांच्या आधाराने वर आणावं लागलं. खालच्यांना वर यायची सोय नव्हती.

त्यानंतर वाफेची जहाजं आली. मुंबईला येणाऱ्या पी अँड ओच्या बोटींवर जेवणाच्या टेबलांवर कापडी पंखे टांगलेले असत आणि पोरं दोरी ओढत. या बोटींवर डेकचे खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडचे किंवा गुजरातचे, वाढपी गोव्याचे, आणि खाली भट्टीत कोळसा टाकणारे पंजाबी, पठाण, सिल्हेटी. तांबड्या समुद्रात मागून तेवढ्याच वेगाचा वारा आला की डेकवर शून्य वारा. मग डेकवरचे ते कर्ण्यासारखे भोंगे कितीही फिरवले तरी भट्टीत हवा जात नसे. कधी कधी कप्तान बोट उलटी वळवून थोडा वेळ वाऱ्याच्या दिशेने नेत, निव्वळ आतल्यांना श्वास घेता यावा म्हणून.

१८८० च्या दशकात अमेरिकेत स्कायलर व्हीलरने दोन पात्यांचा विजेचा पंखा केला, आणि पुढे बोटींवर दोरी ओढणारी पोरं हळूहळू दिसेनाशी झाली. पण वीज डायनामोची, डायनामो वाफेचा, वाफ कोळशाची, आणि कोळसा फावड्याने टाकणारा माणूस होताच. केबिनमधल्या साहेबाला तो दिसत नव्हता इतकंच.

म्हणून मला आपल्या मित्राचा ०.३ अँपिअरचा पंखा ऐतिहासिक वस्तू वाटतो. छतावर सोलर पॅनल, खाली बॅटरी, आणि मधे दोरीवाला, भातेवाला, फावडेवाला कुणीच नाही. घे रे बाबा, बंकला एक घे आणि शांत झोप.

जाता जाता एक. एसी बसमध्ये किंवा विमानात डोक्यावर जो गोल, फिरवता येणारा हवेचा झोत असतो ना, त्याचं तांत्रिक नाव 'पंखा लूव्हर'. ते नाव जहाजांवरूनच तिथे गेलं. कॅटलॉगमध्ये आजही तसंच छापतात, साहेबी स्पेलिंगसह, शेवटी एच लावून. भेटू पुढच्या भागात.