केडगावचे मुक्तिसदन : श्रमात रुजलेली श्रद्धा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या मुक्तिसदनाचा उल्लेख महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात बहुधा दोन संदर्भांत येतो : एक धर्मांतराच्या वादाचा आणि दुसरा दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींच्या सांभाळाचा. हे दोन्ही संदर्भ खरे असले, तरी त्यांच्या आड या संस्थेचा नित्याचा दिनक्रम झाकला जातो. आणि ख्रिस्ती श्रद्धेने रोजच्या जगण्याकडे कसे पाहिले याचा मराठी मुलखातील सर्वांत ठळक पुरावा त्या दिनक्रमातच सापडतो.

रमाबाईंचे (१८५८–१९२२) वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक होते. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगावे, श्रोत्यांनी न मागता पुढ्यात ठेवलेले धान्य, फळे आणि पैसे स्वीकारावेत आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा त्या कुटुंबाचा अनेक वर्षांचा क्रम होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील अन्नान्न करीत गेले आणि त्या आघाताने रमाबाईंचा परंपरागत व्रतवैकल्यांवरील विश्वास ढळला. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. परंतु धर्म बदलला म्हणून आहार आणि रीतिरिवाजही बदलावेत हे त्यांना कधीच मान्य झाले नाही. त्या शाकाहारीच राहिल्या, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरण्याऐवजी संस्कृत का कोरू नयेत, असा प्रश्न त्यांनी तेथील धर्मभगिनींना विचारला. नवी श्रद्धा आपल्याच ताटात, वस्त्रात आणि वाणीत सामावली पाहिजे हा त्यांचा आग्रह पुढच्या सर्व कार्याचा पाया ठरला.

रमाबाईंनी मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी स्थापन केलेले आणि १८९० मध्ये पुण्यास हलवलेले शारदा सदन हे विधवांच्या शिक्षणासाठी होते आणि तेथे जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. तरीही काही मुलींचा ओढा ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळला, तेव्हा १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दिलेले आर्थिक साहाय्याचे वचन दहा वर्षांचेच असल्याने त्याची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्यापुढील उदरनिर्वाहाची तरतूद म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावण्यास आरंभ केला होता. जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर या मिशनऱ्यांची चरित्रे वाचून, निश्चित वेतन किंवा वर्गणीवर न विसंबता केवळ प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवण्याची पद्धत त्यांनी याच काळात मनाशी ठरवली. ही कल्पना त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडून घेतली असे सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. मात्र न मागता येईल त्यावर जगण्याचा अनुभव त्या पुराणिकाच्या मुलीला लहानपणापासून होता, ही गोष्ट अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. फरक इतकाच, की वडिलांच्या त्या व्यवस्थेला श्रमाची जोड नव्हती, आणि केडगावला श्रम हाच प्रार्थनेचा उत्तरार्ध झाला.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावरच आसरा द्यावा लागला. तीन वर्षांनी गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी मुली आल्या आणि पुढच्या काळात तेथील संख्या २,००० च्या आसपास पोचली. एवढ्या माणसांना पाणी पाजण्याचा प्रश्न अवर्षणग्रस्त माळावर काय असेल याची कल्पना त्या भागातील शेतकऱ्यालाच येईल. विहिरी खणणे, मोट चालवणे, धान्य दळणे, तेलाचा घाणा, गाईगुरे, माग, शिवण, धुलाई, भाजीचा मळा अशी सगळी कामे मुलींमध्ये वाटलेली असत. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपी, म्हणजे उठावदार ठिपक्यांची स्पर्शाने वाचायची लिपी, शिकवीत. अत्याचारातून सुटून आलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' हा स्वतंत्र विभाग होता. जिला काही काळापूर्वी कोणी पाण्याजवळही फिरकू देत नव्हते, तीच येथे इतरांसाठी पाणी काढू लागली. प्रार्थनामंदिरात बाकांऐवजी जमिनीवर बसून उपासना होई, आणि तेथे शेजारी बसलेल्या दोघींत जात उरत नसे. बाप्तिस्म्याच्या नोंदींपेक्षा हा बदल मोजायला कठीण आहे; पण तो अधिक खोलवर गेला होता, यात शंका नाही.

या सर्व उद्योगांत छापखान्याला विशेष स्थान होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा निरक्षर, खेडवळ स्त्रीच्या कानाला परकी वाटते, हे रोजच्या वाचनात रमाबाईंना जाणवले असावे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून स्वतंत्र भाषांतर हाती घेतले आणि त्यात सुमारे अठरा वर्षे घालवली. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे ही कामे केडगावच्या स्त्रियांनीच केली. काल दुष्काळात उपाशी फिरलेल्या हातांनी मराठीतील एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९२१ मध्ये मनोरमा वारल्या. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम पुरे होताच रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. चर्चमधील सार्वजनिक वाचनासाठी ते भाषांतर कधी रूढ झाले नाही. त्यामुळे विद्वानांनी त्याकडे अपुरा प्रयोग म्हणून पाहिले, हा मात्र अन्याय आहे. कारण त्याची कसोटी व्यासपीठावर नव्हे, तर जात्याशी बसलेल्या बाईला ते समजते की नाही यावर लागायला हवी होती, आणि ही कसोटी रमाबाईंनी काम सुरू करतानाच स्वतःपुढे ठेवली होती.